द्राक्षं गुलाबी पडली तो हिवाळा

यंदा थंडी लांबली आहे. संक्रांत होऊन आठवडा उलटला तरी नांदेडात सकाळी गोदावरीच्या पुलावरून पाणी दिसत नाही. नुसतं धुकं दिसतं, आणि त्या धुक्यात पुलावरचे दिवे उगाच जळत असतात. मी पहिल्या तासाला कॉलेजात जाते. अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. वाटेत चौकात एक फळवाला हातगाडी लावतो. द्राक्षांवर त्यानं पोतं टाकलेलं असतं. गिऱ्हाईक आलं की झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण सरकवावं तसं ते तो अलगद सरकवतो. मी थांबते. एक घड उचलते, उजेडाकडे धरते आणि मणी बघते.

"घ्या मॅडम, साखर हाय नुसती," तो म्हणतो.

असेलही. थंडीनं गुलाबी पडलेला मणी चवीला गोडच लागतो. फक्त त्याची साल मातकट गुलाबी होते, मणी बोटाला मऊ लागतो, आणि दूरच्या बाजारात त्याला कुणी विचारत नाही. घड मी पुन्हा गाडीवर ठेवते. फळवाल्यानं आता माझा नाद सोडलाय. ही बाई रोज हाताळते आणि काही घेत नाही, एवढं त्याला कळलंय.

थंडीचं कौतुक असलेली माणसं मला भेटतात. कॉलेजातल्या एक मॅडम दर वर्षी नव्या शाली दाखवतात. हुरडा, भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, शेकोटी हे सगळं मीही खाल्लंय, अनुभवलंय. पण थंडी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी एक मांडव येतो. तारांचा, लोखंडी अँगलवर उभा असलेला, मांडवाखाली कागदात गुंडाळलेले घड, आणि त्या कागदांच्या रांगांमधून वाकून चालणारे माझे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आमचे वडील नांदेडला तहसील कचेरीत कारकून होते. घरात शेती नावालाही नव्हती. अक्काला औशाच्या पुढच्या एका गावात दिली तेव्हा आई म्हणाली होती, पोरीला मातीत हात घालायची सवय नाही, कसं व्हायचं. पण अक्का वर्षभरात अशी बदलली की सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा मला ती ओळखूच आली नाही. कंबरेला पदर खोचून, हातात कात्री घेऊन ती घडांची विरळणी करत होती. दाट घडातले मणी मधूनमधून कापायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. तिच्या पायाशी हिरव्या, ज्वारीएवढ्या मण्यांचा सडा पडला होता. मला तो बघून वाईट वाटलं.

"एवढे का कापतेस गं?"

"सगळे ठेवले तर एकबी नीट होत न्हाई," अक्का म्हणाली. तिच्या तोंडी तिकडची बोली आली होती.

दाजींची तीन एकर बाग होती, थॉमसन जातीच्या द्राक्षांची. गावात बाकी सगळे ज्वारी, तूर, थोडा ऊस. दाजी तरुणपणी सांगलीकडे कुणाच्या तरी बागेत राहून शिकून आले होते. बोलायला भरभरून. वेलीबद्दल बोलताना ते माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलायचे. "हिला आता तहान न्हाई, उगं पाणी पाजलं तर रुसंल." "ही लबाड हाय, पाला लई करती अन् घड देताना हात आखडती." त्यांच्या मागून त्यांची सोनी चालायची, माझी भाची. पाच-सहा वर्षांची, नाकात चमकी, पायात चप्पल कधीच नाही. मांडव दाजींना खांद्याशी यायचा, म्हणून ते वाकून चालायचे. सोनीला वाकायची गरज नव्हती. ती खालून ताठ पळायची आणि वर हात करून घडांना टपल्या मारत जायची. दाजी खोटं खोटं ओरडायचे.

मग भूकंप झाला.

त्याबद्दल लिहायला मला कधी जमलेलं नाही, आताही थोडक्यातच सांगते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून अक्का नांदेडला आली होती. सोनी आली नाही. गणपती बुडवायच्या मिरवणुकीत तिला नाचायचं होतं. ती आजीजवळ राहिली. मिरवणूक रात्री उशिरा संपली. उजाडल्याबरोबर बागेची छाटणी सुरू करायची होती, म्हणून दाजी कात्र्या आणि औषधाचे डबे घेऊन शेतातल्या खोपीत झोपायला गेले. पहाटे जमीन हलली. दगडामातीचं घर सोनीवर आणि तिच्या आजीवर पडलं. बागेतला एक अँगलसुद्धा वाकडा झाला नाही.

नांदेडलाही भांडी वाजली होती. आम्ही सगळे रस्त्यावर येऊन उभे होतो, शेजारचे लोक हसत होते, कुणीतरी चहा केला होता. रेडिओवर गावांची नावं यायला लागली तेव्हा अक्का उठली आणि आईच्या डोळ्यावरची पट्टी बदलायला घेतली. पट्टी बदलून झाली, तिनं हात धुतले आणि मग ती बसस्टँडकडे चालत निघाली. वडील तिच्यामागे पळत गेले.

त्या साली बागेची छाटणी झाली नाही. वेली वाटेल तशा वाढल्या, मांडवावरून खाली लोंबल्या. पहिला हिवाळा अक्का आणि दाजींनी पत्र्याच्या शेडमध्ये काढला. वरून दव टपकायचं, पत्रा सकाळी इतका गार असायचा की हात लावला तर चटका बसल्यासारखं व्हायचं. दाजी बोलायचे बंद झाले होते. विचारलं तर उत्तर द्यायचे, हो किंवा न्हाई. मदत वाटणारे यायचे, नावं लिहून घ्यायचे. दाजी नाव सांगायचे आणि पुन्हा बसून राहायचे. अक्का मात्र सारखी काहीतरी करत असायची. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता तिनंच कात्र्यांना धार लावून आणली आणि दाजींच्या पुढ्यात ठेवल्या.

"बाग तोडायची तर तोडू," ती म्हणाली. "ठेवायची तर छाटू. पण आसं अर्धं मेलेलं मला दारात नगं."

दाजी उठले आणि बागेत गेले. हे मला अक्कानं नंतर सांगितलं. मी तेव्हा लातूरला होते.

लातूरचे ते दिवस वेगळेच होते. भूकंपानं घाबरलेलं शहर एकीकडे आणि दुसरीकडे हे क्लासचं वारं. गल्लीगल्लीत पाट्या लागत होत्या. गच्चीवर पत्रे टाकून वर्ग, गोदामात वर्ग, मंगल कार्यालयात वर्ग. नांदेडहून, बीडहून, परभणीहून मुलं यायची. वडिलांनी मला बारावीला लातूरला ठेवलं. "आपल्या घरात एक तरी डॉक्टर," ते म्हणायचे. एका खोलीत आम्ही चौघी जणी राहायचो. माझ्या शेजारच्या खाटेवर धर्माबादची कल्पना होती. तिच्या वडिलांची मिरचीची आडत होती. तिच्या ट्रंकेतल्या प्रत्येक कपड्याला मिरचीचा वास यायचा आणि खोलीत सगळ्या शिंकायच्या. पहाटे साडेपाचला पहिला वर्ग. थंडीत बोटं वळायची नाहीत, पेन धरताना दुखायची. सर फळ्यावर लिहायचे आणि आमच्या तोंडातून वाफ निघायची.

शनिवारी दुपारी मी एसटी पकडून अक्काकडे जायचे आणि रविवारी परत यायचे. डिसेंबरात बाग ऐन भरात होती. वर्षभर मोकाट राहिलेल्या वेलींनी असा माल धरला होता की बघणारा थक्क व्हावा. दाजी पहाटेपासून बागेत असायचे. ते बोलत नव्हते, पण हात चालू होते. अक्का मला बाजूला घेऊन सांगायची, "परवा मला म्हणाले, मीठ कमी हाय भाजीत." एवढं सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला दुसरीकडे बघावं लागायचं. तिचं सगळं या बागेवर टांगलेलं होतं. माल चांगला निघाला, गाडी भरून बाहेरगावी गेली, चार लोक बघायला आले, की हा माणूस परत येईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. ती फक्त घडांकडे बघायची आणि मग दाजींकडे.

नाताळच्या सुमारास थंडी वाढली. द्राक्षाला थंडी लागते, पण तोलून लागते. मणी पाणी धरून मऊ पडायला लागतात त्या दिवसांत रात्र फार गार झाली की मण्याचं फुगणं थांबतं. त्यात दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी असं चाललं, की हिरव्या मण्याला गुलाबी झाक येते. एक दिवस उठून बघावं तर घडात दोन मणी, दुसऱ्या दिवशी दहा. त्याला औषध नाही. शेतीखात्याच्या कुणीतरी अक्काला सांगितलं, घडांना कागद गुंडाळा, थोडा आडोसा होतो.

"कागद कुठून आणायचा एवढा?" अक्का म्हणाली.

कागद माझ्याकडे होता. क्लासमध्ये रोज चाचणी व्हायची, सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिकांचे ढीग पडलेले असायचे. मी क्लासच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "न्या की, तेवढीच आमची जागा मोकळी होईल." पुढच्या शनिवारी मी आणि कल्पना दोन पोती भरून प्रश्नपत्रिका घेऊन एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "काय गं पोरींनो, पेपर फोडून पळालात का काय?" सगळी एसटी हसली. कल्पनाही हसली आणि मीही. त्या हिवाळ्यात मी खळखळून हसले ती तेवढीच वेळ असावी.

रविवारी दिवसभर आम्ही घड गुंडाळत होतो. वरून देठाशी कागद गोळा करायचा, सुतळीच्या धाग्यानं सैल बांधायचा, खालून मोकळा ठेवायचा. मांडवाखाली हिरव्या उजेडात ते पांढरे कागद लटकायला लागले. मी दाजींच्या रांगेत होते. अचानक ते थांबले आणि हातातला कागद डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले.

"'बेडूक हिवाळ्यात काय करतो?'" त्यांनी प्रश्न मोठ्यानं वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करतो गं, शोभा?"

मी इतकी दचकले की कागद हातातून पडला.

"जमिनीत खोल जाऊन झोपतो, दाजी. थंडी संपेपर्यंत."

"श्वास कसा घेतो मग?"

"कातडीनं. थोडा थोडा."

"आस्सं," दाजी म्हणाले. त्यांनी तो कागद नीट घडाभोवती गुंडाळला. पुढच्या रांगेतून अक्का आमच्याकडे बघत होती. तिच्या दातांत सुतळी होती आणि ती काढायची तिला शुद्ध नव्हती.

त्यानंतर दर शनिवारी दाजी मला दोन-तीन प्रश्न विचारायचे. झाडाला रक्त असतं का? माणसाचं हृदय एका दिवसात किती वेळा वाजतं? मी उत्तर द्यायचे, ते मान हलवायचे. एकदा ते म्हणाले, "बागेनं मला वाचवलं, शोभा. कशाला वाचवलं, तेवढं तुझ्या पुस्तकात कुठं आसलं तर बघ." मी सतरा वर्षांची होते. मी म्हणाले, "बघते, दाजी."

जानेवारीत एक लाट आली. गवतावरचं दहिवर सकाळी पांढरं कडक व्हायचं. उजाडायच्या आत दाजी उठायचे आणि बागेच्या कडेनं उसाचं पाचट आणि ओला पाला पेटवायचे. जाळ नको, धूर पाहिजे. धूर मांडवाखाली भरून राहिला की गारठा जरा कमी होतो. वीज असली तर विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, त्यानं जमिनीला ऊब येते. त्या रविवारी पहाटे मी तिथंच होते. धुरानं डोळे चुरचुरत होते, पायांखाली कोमट चिखल, आणि धुरातून दाजींचं खोकणं ऐकू येत होतं. अक्का पाचटाचे भारे ओढत होती. आम्ही तिघं थंडीशी भांडत होतो. थंडीला त्याचा पत्ताही नव्हता. ती तारांवरून, पानांवरून, कागदांवरून खाली येतच होती. उजाडल्यावर सूर्य चांगला लख्ख निघाला, आणि दाजींनी एका घडाचा कागद वर केला.

मणी गुलाबी होते.

दाजींनी दुसरा कागद वर केला. मग तिसरा. मग ते कागद न बघताच पुढे चालत गेले.

महिन्याच्या शेवटी व्यापारी आला. भला माणूस होता, उद्धट नव्हता. तो रांगेतून फिरला, दहा-बारा ठिकाणी कागद उघडले, एक मणी तोंडात टाकला.

"माल गोड हाय, पाटील," तो म्हणाला. "मेहनत दिसून राहिली. पण रंग मारलाय. मणी बी म्हणावा तसा फुगला न्हाई. हे लांबच्या पेटीत टिकायचं न्हाई. लोक तोंडानं खात न्हाईत, डोळ्यानं खातेत. माझा नाइलाज हाय."

"बघा की अजून," अक्का म्हणाली. "त्या कोपऱ्यात चांगले हायेत. मी दाखवते, चला."

तिनं त्याला कोपऱ्यात नेलं. तिथले कागद उघडून ती एकेक घड हातावर घेऊन दाखवत होती. तिथलेही गुलाबीच होते. तिला ते दिसत नव्हते असं नाही. व्यापाऱ्यानं चप्पल काढली, तिला हात जोडले आणि निघून गेला. दाजी विहिरीच्या काठावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग आभाळ आलं. फेब्रुवारी लागता लागता दोन दिवस ढग, तिसऱ्या दिवशी पाऊस. मोठा नव्हे, पण पुरे झाला. पिकत आलेल्या मण्याला वरून पाणी लागलं की साल तडकते. तडकलेल्या सालीवर माशी बसते, मग गांधीलमाशी, मग घडाला आंबूस वास सुटतो. अक्का बुधवारी लातूरला आली, खास माझ्यासाठी. क्लासच्या दाराशी उभी होती, डोक्यावर पदर, हातात डबा. डब्यात तिळाची पोळी होती.

"शोभे, या शनवारी लवकर ये," ती म्हणाली. "राहिलेला माल काढायचाय. गावातल्या बाया येणार हायेत. पण ते तुझ्याशी बोलतेत तेवढं कुणाशी बोलत न्हाईत. तू आलीस तर हाताला धरून बागेत नेशील त्यांना. चार दिवस झाले, बागेकडं फिरकले न्हाईत."

"अक्का, सराव परीक्षा सुरू होतेय. सोमवारी भौतिक आहे."

"एकच दिस."

"बघते," मी म्हणाले.

मी गेले नाही. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला पुष्कळ प्रकारे समजावून सांगितलं आहे. लहान होते, वडिलांचा धाक होता, परीक्षा खरंच होती. सगळं खरं आहे. शनिवारी दुपारी एसटीच्या वेळेला मी खोलीत बसून लंबकाची गणितं सोडवत होते. ती गणितं मला आजही आठवतात.

पुढच्या आठवड्यात क्लास सुटल्यावर आम्ही बाहेर आलो तर रस्त्याकडेला एक हातगाडी उभी होती. गाडीवर गुलाबी द्राक्षांचा ढीग, बरेचसे मणी सुटे झालेले. आणि ढिगाच्या मधूनमधून, घडांना चिकटलेले, सायक्लोस्टाइलच्या निळसर शाईचे कागद. मुलांची गर्दी झाली होती. एका पोरानं कागद ओढून काढला आणि ओरडला, "अरे, ह्यो तर डिसेंबरातला पेपर!" सगळे हसायला लागले. कल्पना माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, ते कागद तिनंही बांधले होते. एका मुलीनं दोन मणी तोंडात टाकले आणि थुंकले. "तडकलेत गं, दारूसारखे लागतात," ती म्हणाली आणि मला विचारलं, "खाणार का?"

"नको," मी म्हणाले. "मला आवडत नाहीत."

खोलीवर गेल्यावर कल्पनानं ट्रंक उघडली आणि बराच वेळ काहीतरी शोधत बसली.

मला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही. थोडक्यात हुकला, असं वडील पुढं मरेपर्यंत सांगायचे. मी बीएस्सी, मग एमएस्सी केलं, मास्तरीण झाले. त्याचं मला फार दुःख नाही; हजारोंचं झालं तेच माझं झालं. दर वर्षी माझ्या समोरच्या बाकांवर ती हजारोंतली पोरं येऊन बसतात. त्यांचे डोळे झोपेनं जड असतात. मी त्यांना बेडकाची शीतनिद्रा शिकवते. मुलं लिहून घेतात. श्वास कसा घेतो, असं एकानंही आजवर आपणहून विचारलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात दाजींनी बाग तोडली. माणसं लावली नाहीत. स्वतः कुऱ्हाड घेऊन एकेक खोड बुंध्याशी तोडलं, तारा गुंडाळल्या, अँगल उपटून एका बाजूला रचले. अक्का म्हणते, सात दिवस लागले. सात दिवस ती बांधावर बसून होती. तिनं त्यांना थांबवलं नाही. नवीन गाव वसलं होतं तोवर, सरळ रस्त्यांचं, सारख्या घरांचं. त्या घरात ते दोघं दोन वर्षं राहिले. मग शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन लातूरला आले. अक्कानं क्लासच्या मुलींसाठी डबे करायला सुरुवात केली. दाजी मुलींच्या एका वसतिगृहाच्या गेटावर बसायला लागले. पुन्हा मूल झालं नाही. बोलणंही पुन्हा फार आलं नाही. गेटावर बसणाऱ्या माणसाला फार बोलावं लागत नाही, असं अक्का म्हणते, आणि त्यात तिला काही वाईट वाटत असेल असं तिच्या आवाजावरून तरी कळत नाही.

लातूर वाढतच गेलं. आता तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरांच्या फोटोंच्या पाट्या असतात, गुणांसकट. अक्काच्या जुन्या गावावरून जाताना मी मुद्दाम खिडकीशी बसते. बाग होती तिथे सोयाबीन असतं. एवढ्या वर्षांत तिथे पुन्हा कुणी द्राक्षं लावली नाहीत. थंडी मात्र येते, वेळेवर.

परवा पेपर तपासायच्या कामासाठी लातूरला जाणं झालं. लोहा सोडल्यावर इतकं धुकं होतं की ड्रायव्हरनं गाडी दोनदा बाजूला घेतली. मुक्काम अक्काकडे केला. सकाळी सातला ती डबे भरत होती. मी चहाचा थर्मास घेऊन दाजींकडे गेले. दाजी आता थकलेत. गेटाशी खुर्चीवर बसले होते, कानांना मफलर, अंगावर कोट, पायांत मोजे. पोरी क्लासला निघाल्या होत्या. टोप्या, स्वेटर, पाठीवर जड पिशव्या. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. ते वहीत प्रत्येकीपुढे खूण करत होते.

एक पोर कुडकुडत आली. अंगात नुसता पातळ कुडता.

"काका, स्वेटर खोलीत राहिला," ती म्हणाली. "पळत जाऊन आणू? दोन मिनिटं."

"जा गं बाळ, आण," मीच म्हणाले. "केवढी थंडी आहे."

"न्हाई," दाजी म्हणाले. ते इतक्या मोठ्यानं बोलले की पोरगी घाबरली. "माघारी जाऊ नगं. निघालीस ना? नीघ."

त्यांनी मफलर सोडला, कोट काढला आणि कोट तिच्या खांद्यावर टाकला. तिला तो गुडघ्यापर्यंत आला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग हसू दाबत धुक्यात मैत्रिणींच्या मागे पळाली. दाजी नुसत्या सदऱ्यावर बसले. मी मफलर उचलून त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "दाजी, असं काय? घेऊन आली असती की तिचा स्वेटर."

ते वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोनी आली होती माझ्यासंगं."

मला वाटलं, त्यांचं काहीतरी भलतंच चाललंय. "कधी, दाजी?"

"त्या राती. मिरवणूक संपल्यावर. बागेत झोपते तुमच्यासंगं म्हणाली. निम्म्या वाटंपर्यंत आली हात धरून." ते थांबले. एक पोरगी आली, तिच्यापुढे त्यांनी खूण केली आणि ती जाईपर्यंत वाट बघितली. "मीच माघारी धाडली तिला. आजीजवळ नीज म्हणलं. शेतात गार लागंल."

मी थर्मासचं झाकण हातात धरून उभी होते.

"अक्काला माहीत आहे?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "सांगू नगं."

"नाही सांगणार."

त्यांनी वही मिटली. रस्त्यावर आता पोरी उरल्या नव्हत्या.

"आन् शोभा," ते म्हणाले, "थंडीबी नव्हती त्या राती."